भांड्यांवरची नावं वाचणारे साहेब

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर आई-वडिलांना मनातल्या मनात नमस्कार करून मी साहेबांचं नाव घेतो. म्हणजे 'साहेब' एवढंच घेतो. पूर्ण नाव इथे लिहिलं तर ते "लेखी परवानगी घेतली होती का?" असं विचारतील, आणि ती मी घेतलेली नाही. साहेब नारायण पेठेत करसल्लागार होते, आणि त्यांच्याइतके सौदे मोडणारा माणूस पुणे शहरात त्यांच्याआधी झाला नाही व त्यांच्यानंतर होईल असं वाटत नाही. लोक त्यांच्याकडे यायचे ते कुणाची तरी बेकरी, गिरणी नाहीतर छापखाना विकत घ्यायचा बेत घेऊन. घेणाऱ्याने कोणते कागद करावेत, कोणते कर भरावेत, कोणते परवाने नव्याने काढावेत, हे सांगणं साहेबांचं काम. पण ते हे अशा रीतीने सांगत की बरेचसे लोक जिना उतरताना गिरणीऐवजी मुदतठेवीचा विचार करत उतरत. सौदा मोडला की साहेबांची कळी खुलायची. मग खालच्या हॉटेलातून सगळ्यांना चहा आणि खारी यायची. सौदा ठरला तर ते नुसतं "शुभेच्छा" म्हणत, तेही ऑपरेशनला निघालेल्या माणसाला म्हणावं तसं. त्यामुळे आमच्याकडे चहाचे कप वर जाताना दिसले की खालचा शिंपी म्हणायचा, "चला, आज कुणाचे तरी पैसे वाचले."

मी परांड्याहून पुण्यात आलो तेव्हा बी.कॉम.ची मार्कशीट, मोठ्या भावाची पँट आणि घराण्यातला पहिला पदवीधर असल्याचा ताठा एवढीच माझी मालमत्ता होती. वडील बाजार समितीत हमाली करायचे. निकालाच्या दिवशी त्यांनी ती मार्कशीट पाठीवरचं पोतं उतरवावं तशी दोन्ही हातांनी अलगद फळीवर ठेवली होती. साहेबांनी ती पाहिलीसुद्धा नाही. मुलाखत म्हणून त्यांनी मला एक कोरा कागद दिला आणि म्हणाले, "या खोलीत काय काय आहे त्याची यादी करा." मी शाळेत शिकवल्याप्रमाणे सुवाच्य अक्षरात लिहिलं: टेबल एक, खुर्च्या चार, कपाट एक, पंखा एक. साहेबांनी लाल पेन काढलं.

"टेबल माझं आहे असं तुम्हाला कुणी सांगितलं?"

"इथं आहे म्हणून, सर."

"इथे तुम्हीही आहात. माझे आहात का?"

टेबल भाड्याचं होतं, कपाट त्यांच्या मेहुण्यांचं होतं आणि पंखा घरमालकाचा होता; तो फिरत का नव्हता याचं कारणही तेच. सगळी यादी लाल झाली. मी उठायला लागलो तेव्हा ते शेवटच्या ओळीवर थांबले. तिथे मी लिहिलं होतं, 'टेबलाला एक खण, कुलूपबंद, आत काय आहे ते माहीत नाही.' "हे कुणी शिकवलं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "कुणी नाही सर, दिसलं नाही म्हणून तसं लिहिलं." "सोमवारपासून या," साहेब म्हणाले, "आणि मला सर म्हणू नका. मी कुणाला काही शिकवत नाही." तेव्हापासून ते साहेब झाले आणि मी त्यांच्या तोंडी कायमचा 'पदवीधर' झालो. "काय पदवीधर, जेवलात का?" हे ते इतक्या गंभीर चेहऱ्याने विचारत की ही थट्टा होती की मान, ते मला आजवर ठरवता आलेलं नाही.

यादी हा साहेबांचा प्राण होता. जे यादीत नाही ते घेतलं जात नाही, आणि जे यादीत आहे ते खरोखर आहे की नाही हे हात लावून पाहिल्याशिवाय मानायचं नाही, असा त्यांचा नेम. तो त्यांनी घरातही पाळला होता. काकू सांगायच्या, "आमच्या लग्नात यांनी आहेराची यादी मांडवातच तपासली. एक तांब्या कमी भरला म्हणून सप्तपदी दहा मिनिटं थांबली होती." त्यावर साहेब वर्तमानपत्रातून मान वर न करता विचारत, "सापडला की नाही तांब्या?" एकदा त्यांनी स्वतःची जुनी स्कूटर विकायला काढली. घ्यायला धनकवडीचा एक दूधवाला पैसे खिशात घेऊन आला. साहेबांनी त्याच्यापुढे नऊ पानांचा करारनामा ठेवला. त्यात स्कूटरचे सगळे अवगुण क्रमवार होते. डावा आरसा मूळचा नाही, उजवीकडे वळताना हॉर्न आपोआप वाजतो, पाऊस पडल्यास सुरू होण्याची हमी नाही, न पडल्यासही नाही. दूधवाल्याने चौथ्या पानापर्यंत ऐकून घेतलं आणि हात जोडले. "साहेब, मी सायकलवरच बरा हाय." साहेब भयंकर खूश झाले. त्याला चहा-खारी देऊन बोळवल्यावर मला म्हणाले, "बघा, सुटला बिचारा." ती स्कूटर अजून त्यांच्या सोसायटीच्या कोपऱ्यात आहे आणि करारनामा तिच्या डिकीत आहे.

माझ्यासाठी चाकणचं स्थळ सांगून आलं तेव्हा मी मोठ्या उत्साहाने मुलीचा बायोडेटा साहेबांना दाखवला. तो त्यांनी दोनदा वाचला, पान उलटून मागची कोरी बाजूही पाहिली आणि म्हणाले, "या जमेच्या बाजू झाल्या. दुसरं पान कुठे आहे?" मी म्हटलं, बायोडेटा एवढाच असतो. "म्हणजे तुमचाही एवढाच पाठवलात? दुपारी जेवणानंतर खुर्चीत घोरता, ते लिहिलंत का?" मी लिहिलं नव्हतं. लग्नानंतर बायकोने हा मुद्दा काढलाच, आणि या बाबतीत ती आजही साहेबांच्या बाजूची आहे.

एवढं असूनही साहेबांना गर्व म्हणावा असा एकच होता. "चाळीस वर्षांत माझ्या मसुद्यात चूक निघालेली नाही," हे वाक्य ते दिवसातून एकदा तरी म्हणत, देवाला फूल वाहावं तसं. त्यांच्या मसुद्याची भाषा शिळ्या भाकरीसारखी होती. पाणी लावल्याशिवाय घशाखाली उतरायची नाही, पण कुणाला बाधल्याचंही ऐकिवात नव्हतं. येणाऱ्या प्रत्येकाला ते आधी एक प्रश्न विचारत, "धंदा घेताय की धंद्यातल्या वस्तू?" समोरचा म्हणायचा, एकच की हो. मग साहेब खुर्ची पुढे ओढत. "एकच कसं? वस्तू घेणं म्हणजे बाजारातून बैल आणणं. पावती घ्या, कर भरा, दावं धरून घरी चला. चालता धंदा अख्खा घेणं म्हणजे दत्तक जाणं. दत्तक गेलात की त्या घराची इस्टेट मिळते आणि त्या घराचं सुतकही लागतं." सुतक म्हणजे मागच्या मालकाने न भरलेला कर. अख्खा धंदा दुसऱ्याच्या हाती गेला की तो कर नव्या मालकाकडूनही मागता येतो, असा कायदा आहे. हे सुतक मी तीन वर्षं रोज ऐकत होतो. तरीही जी चूक व्हायची ती माझ्याच हातून झाली.

धायरीच्या शैलाताई एका मांडववाल्याकडे सोळा वर्षं कामाला होत्या. लग्नाकार्याला भांडी, खुर्च्या, कनाती भाड्याने द्यायचा तो धंदा. भांडी मोजून पाठवणं, मोजून परत घेणं, घासून रचणं, सगळं त्या बघायच्या. कोणतं पातेलं बुडाला करपतं आणि कोणत्या खुर्चीवर लठ्ठ पाहुणा बसवायचा नाही, हे त्यांना तोंडपाठ. मालक अण्णांचे गुडघे गेले होते. त्यांना सगळं विकून साताऱ्याला लेकीकडे जायचं होतं. एक बाहेरचा माणूस गोदामात फर्निचर भरायला टपून बसला होता, पण अण्णांच्या मनात ते शैलाताईंना द्यायचं होतं. अट एकच, तुळशीचं लग्न व्हायच्या आत उरकायचं. त्यानंतर लग्नसराई सुरू होते, आणि अण्णांना आणखी एक लग्नसराई झेपणार नव्हती. शैलाताईंनी भिशी उचलली, बांगड्या मोडल्या, नवऱ्याने गावचा वाटा भावाला देऊन टाकला. हे सगळं एका रुमालात बांधल्यासारखं बोलून त्या आमच्यासमोर बसल्या होत्या. "साहेब, मला कागदातलं कळत न्हाई. पण ह्ये गेलं तर मागं काय बी न्हाई, येवढं ध्येनात ठेवा."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "पदवीधर, मसुदा तुम्ही करा."

माझा पहिला स्वतंत्र मसुदा. मी दोन दिवस जेवणावर लक्ष नसल्यासारखा हिंडलो. वस्तू सुट्या सुट्या विकल्या तर प्रत्येकीवर जीएसटी लागतो, आणि चालता धंदा अख्खा विकला तर तो लागत नाही, हे मला माहीत होतं. बाईंचा तेवढा कर वाचवायचा, या एकाच विचाराने मी भारून गेलो. मी लिहिलं, 'सदर व्यवसाय, त्याचे नाव, लौकिक, भांडीकुंडी व समस्त ऋणानुबंध यांसह, जसा चालू आहे तसा, अखंड स्वरूपात...' ऋणानुबंध हा शब्द शेवटच्या क्षणी सुचला आणि मला स्वतःचंच कौतुक वाटलं. एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण साहेब त्या दिवशी मुंबईला गेले होते आणि मला दम धरवेना. मी शैलाताईंना फोन करून कर वाचल्याची बातमी दिली, मसुद्याची प्रतही पाठवली. त्यांनी ती अण्णांना दाखवली. अण्णांनी लगेच होकार दिला, आणि त्या होकारावर शैलाताईंनी इसारही देऊन टाकला. अण्णांनी इतका चटकन होकार द्यावा याचा मला तेव्हा अभिमान वाटला होता. दुसऱ्या दिवशी शैलाताईंनी माझ्यासाठी डबाभर कडबोळी पाठवली. त्यातली निम्मी मी खाऊन झाल्यावर साहेब आले.

त्यांनी मसुदा वाचला. इसाराचं ऐकलं. एकाही शब्दाखाली रेघ मारली नाही, तेव्हा मी कडबोळ्यांच्या डब्याला झाकण लावलं. "धायरीला जा," ते म्हणाले. "गोदामातलं प्रत्येक भांडं हातात घ्या, त्यावरचं नाव वाचा आणि लिहून आणा."

भांड्यावर नाव घालायची आपली रीत मला लहानपणापासून ठाऊक होती, पण ती किती बोलकी असते ते त्या गोदामात कळलं. अण्णांचं नाव असलेली पातेली होतीच. पण वाघोलीच्या एका मांडववाल्याच्या नावाच्या बारा पराती होत्या. येरवड्याच्या एका विहार समितीची सात घमेली होती. कुणा मंडळाचे झारे, कुणा देवस्थानाचे हंडे, 'चि. सौ. कां. मंदा हिस मावशीकडून' असं लिहिलेलं एक सतेलं, आणि 'कै. नानांच्या स्मरणार्थ' एक पिंप. मी घाबरून अण्णांकडे गेलो. ते खुर्चीत पाय पसरून बसले होते. "आवो, लग्नात भांडी मिसळत्यात," ते समजुतीने म्हणाले. "त्यांची आमच्याकडं, आमची त्यांच्याकडं. समद्या पुण्याच्या मांडववाल्यांचं मिळून येकच गोदाम हाय असं समजा. फकस्त ते निरनिराळ्या जागी हाय."

शेवटी राहिलं ते गावजेवणाचं सगळ्यात मोठं पातेलं. त्यावर झाकण होतं आणि झाकणावर विटा. नाव आतल्या काठाला असेल म्हणून मी विटा उतरवल्या, झाकण सरकवलं. आत पाकिटं होती, न फोडलेली. काही विक्रीकराच्या जुन्या काळातली, पिवळी पडलेली, काही अगदी अलीकडची. सगळी सरकारी. शैलाताई माझ्या खांद्यावरून वाकून बघत होत्या. "अण्णा," त्या म्हणाल्या, "ह्ये पातेलं तुम्ही कंदी भाड्यानं का देत न्हाई, ते सोळा वर्सांनी कळलं."

दुसऱ्या दिवशी दोघंही नारायण पेठेत आली. साहेबांनी पाकिटं तारखेप्रमाणे लावली आणि पट्टीने एकेक फोडलं. जुना कर राहिलेला, दोन वर्षांची विवरणपत्रं भरलेली नाहीत, त्यावर व्याज, त्यावर दंड. अण्णा खिडकीबाहेर बघत होते. "उघडलंच न्हाई तर मिळालं असं होत न्हाई, असं वाटलं मला," ते म्हणाले.

"छान," साहेब म्हणाले. "आता परत जाताना लक्ष्मी रस्ता डोळे मिटून ओलांडा."

शैलाताईंनी पदराने तोंड पुसलं. "म्हंजे साहेब, त्या कागदावर सही झाली आसती तर ह्ये समदं मला भरावं लागलं आसतं?"

"तुमच्याकडेही मागता आलं असतं. अण्णा साताऱ्याला आणि तुम्ही धायरीत, म्हणजे आधी तुमच्याकडेच मागितलं असतं. मसुद्यात ऋणानुबंध लिहिलाय. त्यातला अनुबंध अण्णा घेऊन जाणार होते, ऋण तुमच्याकडे राहणार होतं."

"आन् आसा कागद लिहिला कुणी?"

मी तोंड उघडलं. त्याआधी साहेब म्हणाले, "मी."

शैलाताई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. "साहेब, तुमच्यासारख्या मानसानं?"

"वय झालं," साहेब म्हणाले आणि त्यांनी माझ्याकडे न बघता हात पुढे केला. "पदवीधर, लाल पेन द्या."

मी त्याच क्षणी बोलायला हवं होतं. मी पेन दिलं आणि मग कुणीही मागितलं नसताना पाण्याचे ग्लास भरायला उठलो.

आता चहा-खारी येणार अशी माझी खात्री होती. अण्णाही गुडघ्यांवर हात टेकून उठू लागले. इसार परत करतो, फर्निचरवाल्याला देऊन टाकतो, असं पुटपुटायला लागले. शैलाताईंच्या चेहऱ्यावरचं सगळं उतरून गेलं. तेव्हा साहेबांनी मी कधी ऐकलं नव्हतं ते वाक्य उच्चारलं. "बसा. हा सौदा मोडायचा नाही." आणि मग बोटावर एकेक मोजत त्यांनी रस्ता आखला. धंदा घ्यायचा नाही, वस्तू घ्यायच्या, यादीने, एकेक. प्रत्येकीवर कर लागेल तो लागू दे. शैलाताईंनी स्वतःचा जीएसटी नंबर काढला की भरलेला कर त्यांच्या पुढच्या बिलांतून वळता होईल. दुकानाची नोंदणी त्यांच्या नावाने नवी, गोदामाचा भाडेकरार जागामालकाशी नवा, दुकानाचं नावही नवं. अण्णांचं राहिलेलं देणं आता सगळ्यांना कळलंय, आणि कळल्यावर भोळेपणाचा बहाणा चालत नाही, म्हणून शैलाताईंच्या पैशांतून आधी सरकारचं भरायचं, खात्याकडून बाकी नसल्याचा कागद आणायचा, उरलेलं अण्णांनी घ्यायचं. "आणि ज्या भांड्यावर अण्णांचं नाव नाही," साहेब म्हणाले, "ते अण्णांना विकता येत नाही, तुम्हाला घेता येत नाही. ते ज्याचं त्याला परत."

"समदी?" अण्णा दचकून म्हणाले.

"झाऱ्यासकट."

पुढचा आठवडा मी जन्मात विसरणार नाही. एक टेम्पो ठरवला होता. पुढे ड्रायव्हरशेजारी मांडीवर यादी घेऊन साहेब, मागे भांड्यांत मी आणि शैलाताई. वळणावर पराती वाजायच्या आणि रस्त्यावरचे लोक कुणाची वरात आली म्हणून बघायचे. वाघोलीच्या मांडववाल्याने बारा पराती पाहिल्या आणि तो गोंधळून गेला. आजवर त्याच्या दारी भांडी परत आणून देणारा कुणी आला नव्हता. त्याला वाटलं वसुलीवाले आलेत. साहेबांनी पोचपावतीवर सही घेतल्यावर सांगितलं, "आता अण्णांची काढा." त्याने मुकाट्याने नऊ पातेली काढून दिली. येरवड्याच्या विहार समितीचे खजिनदार पोस्टातून निवृत्त झालेले होते. त्यांनी घमेली घेण्याआधी आत जाऊन रजिस्टर आणलं, चष्मा लावला आणि म्हणाले, "आमच्याकडे आठ हरवल्याची नोंद आहे. आपण सात आणलीत. आणि आपण कोण, याचा काही पुरावा?" साहेबांनी ओळखपत्र दाखवलं. खजिनदारांनी फोटो आणि चेहरा दोनदा ताडून पाहिला. परतताना संगमवाडीच्या पुलावर साहेब म्हणाले, "पदवीधर, या शहरात अजून माणसं आहेत." आठवं घमेलं त्यांनी नंतर कुठून तरी हुडकून काढलं आणि स्वतः नेऊन दिलं. अजून दर महिन्याला ते खजिनदार त्यांना फोन करतात आणि दोघं काय बोलतात ते कुणाला माहीत नाही.

तुळशीच्या लग्नाच्या चार दिवस आधी सह्या झाल्या. शेवटचा वाद दुकानाच्या मोबाइल नंबरावरून झाला. तो यादीत एकशे बाराव्या क्रमांकावर होता, आणि अण्णा तो द्यायला तयार नव्हते, कारण त्यांच्या मेहुणीचा फोन त्यावरच यायचा. साहेबांनी एक कलम घातलं की मेहुणीचे फोन सहा महिने शैलाताई घेतील आणि निरोप साताऱ्याला कळवतील. शैलाताईंनी सही पूर्ण नावाची आणि ठळक केली. अण्णांनी आपलं आवडतं उलथनं यादीबाहेर ठेवून घेतलं. साहेब "शुभेच्छा" म्हणाले, आणि या वेळी तो शब्द बराच बरा वाटला.

एवढ्यावर गोष्ट संपायला हवी होती. पण धायरीत शैलाताई साहेबांची तोंड भरून स्तुती करायच्या आणि शेवटी, भाबडेपणाने, जोडायच्या, "देवमानूस, पर आता जरा इसरत्यात. पयला कागद त्यांनी पार चुकीचा केला हुता." बोलणं पसरायला वेळ लागत नाही. धायरी-सिंहगड रस्त्याकडून येणारे लोक साहेबांचं सगळं ऐकून घेऊन चाचरत विचारू लागले, "एकदा दुसऱ्या कुणाला दाखवून घेऊ का?" साहेब म्हणत, "अवश्य दाखवा." आणि ते रोजचं वाक्य, चाळीस वर्षांचं, त्यांनी त्यानंतर एकदाही उच्चारलं नाही. मी शेजारच्या टेबलाशी बसून ते न उच्चारलेलं ऐकत होतो. विषय काढायचा मी दोनदा प्रयत्न केला. दोन्ही वेळा त्यांनी मला नसलेलं काम काढून बँकेत पाठवलं.

आता साहेबांनी ऑफिस बंद केलंय. मोतीबिंदू पिकलाय, ते आणि काकू नाशिकला मुलीकडे असतात. वाघोलीत माझं स्वतःचं ऑफिस आहे, पाटीवर माझं नाव आहे, आणि गावाकडून वडील आले की ती पाटी हात लावून बघतात. मागच्या आठवड्यात एका कामासाठी धायरीला गेलो होतो. परत आल्यावर साहेबांना पत्र लिहिलं. त्याची प्रत माझ्याकडे आहे. ती अशी.

तीर्थस्वरूप साहेबांस,

साष्टांग नमस्कार. आपली व काकूंची प्रकृती बरी असेल. पत्र मोठ्या अक्षरात लिहिलं आहे. ते आपल्या मुलीकडून वाचून घेऊ नये, डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यावर स्वतः वाचावं. घाई नाही.

बुधवारी धायरीला शैलाताईंकडे गेलो होतो. त्यांचं चांगलं चाललं आहे. तीन बायका कामाला आहेत, विवरणपत्रं वेळेवर जातात, पाकीट आलं की त्या त्याच दिवशी फोडतात. अण्णांच्या मेहुणीचे फोन अजून येतात; सहा महिन्यांची मुदत कधीच संपली, पण त्या घेतात.

मी त्यांना सांगितलं, की तो पहिला मसुदा साहेबांनी केला नव्हता, मी केला होता, आणि त्या दिवशी मी गप्प बसलो. हे सांगायला मला चार वर्षं लागली. त्या भांडी पुसत होत्या, थांबल्या नाहीत. म्हणाल्या, "ते मला तवाच कळलं हुतं. बोलत हुते साहेब आन् घाम तुला फुटला हुता." मी म्हटलं, मग धायरीभर तसं का सांगत फिरलात? तर म्हणाल्या, "साहेबांनी सवताच्या नावानं सांगितलं, ते मी कशी खोटं पाडू? तू कंदी येतोस त्याची वाट बघत हुते." मग त्यांनी तिथल्या तिघींना हाक मारून बोलावलं आणि मला ते पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. मी सांगितलं. सिंहगड रस्त्याकडे माझे जे दोन पक्षकार होते, त्यांनाही आता कळलं असेल.

साहेब, आपल्या मसुद्यात चाळीस वर्षांत चूक निघालेली नाही. हे मी लेखी देत आहे. या पत्रात काही चूक आढळली तर कृपया कळवावं. ती माझीच आहे.

आपला नम्र,
पदवीधर